साक्षांकन नमुन्यातील ‘निरंक’

शासकीय सेवेसाठी निवड झालेल्या उमेदवाराकडून साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःचा पत्ता, शिक्षण, पूर्वीची नोकरी आणि नोंदलेले गुन्हे यांविषयीचे स्वाक्षरीनिशी निवेदन, भरून घेतला जातो. त्यात खोट्या माहितीचा परिणाम ठळक अक्षरांत बजावलेला असतो. खऱ्या माहितीची किंमत कुठेही छापलेली नसते, आणि केळापूर तालुक्यातून अर्ज केलेल्या प्रस्तुत लेखकाने ती मोजली आहे.

कापसाच्या भावासाठी पांढरकवड्याजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 वर झालेल्या रास्ता रोकोतील गुन्हा आणि त्यातून झालेली निर्दोष मुक्तता लेखकाने गुन्हा क्रमांक, कलम व निकालाच्या तारखेसह नमूद केली. छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्याने त्या रकान्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली, ‘एवढं लिवायची काय गरज होती? निरंक टाकून मोकळं व्हायचं ना!’ असे सुनावले आणि प्रकरण ‘अभिप्रायार्थ’ या शेऱ्याखाली बाजूला ठेवले. त्याच गुन्ह्यात नाव असलेला दुसरा उमेदवार ‘निरंक’ लिहून, म्हणजे सांगण्यासारखे काही नाही असे कळवून, दरम्यान रुजूही झाला. त्याच्या चारित्र्य पडताळणीची घाई त्या कार्यालयाला झाली नाही.

कायदा काय म्हणतो, हे त्या टेबलावर कोणाला ठाऊक नसावे. अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 21 जुलै 2016 रोजी सांगितले की, माहिती दडवल्यास उमेदवारी किंवा सेवा रद्द होऊ शकते, मात्र तरुण वयात घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा दडवला गेला असल्यास नियोक्ता स्वविवेकाने दुर्लक्ष करू शकतो. खरे सांगितले तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा त्याचा अधिकार उरतो आणि नेमणूक देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. प्रामाणिकपणाने नोकरी मिळतेच, हे व्याख्यानांतून सांगितले जाणारे आश्वासन म्हणूनच अर्धवट आहे.

तरीही रकाना खराच भरावा, आणि नमुन्यात जे नेमके विचारले आहे त्याचे नेमके उत्तर द्यावे. निर्दोष मुक्तता झाली असल्यास निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडावी. तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा असले तरी महसुली तालुका केळापूर आहे, तेव्हा अधिवास प्रमाणपत्रात जे असेल तेच पत्त्यात लिहावे. अनुभवाचा कालावधी नियुक्ती आदेश व कार्यमुक्तीच्या आदेशावरूनच मोजावा. जमातीच्या दाव्याबाबत तर कोणतीही सवलत गृहीत धरू नये, कारण जगदीश बहिरा प्रकरणात 6 जुलै 2017 रोजी त्याच न्यायालयाने खोट्या जातदाव्यावर मिळवलेल्या नोकरीला, कितीही वर्षे सेवा झाली असली तरी, संरक्षण नाकारले आहे. अक्षर सुवाच्य असावे आणि मुदत पाळावी, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी, नमुना सादर करताना त्याच्या छायाप्रतीवर शिक्का व तारखेसह पोच अवश्य घ्यावी. पुढे वाद उद्भवल्यास खरे लिहिल्याचा तेवढाच पुरावा उमेदवाराच्या हाती राहतो.