आप्पांची वही

साताऱ्यातील आमच्या आळीत आप्पा या नावाने सर्वांस परिचित असलेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. तहसील कचेरीत छत्तीस वर्षे कारकुनी करून ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त झाले. कचेरीत त्यांच्या सहीवाचून कागद पुढे सरकत नसे. घरी मात्र त्यांच्यावाचून कोणाचे काहीच अडत नव्हते. बाजारहाट मुलगा करी, घरातील व्यवस्था सूनबाई पाहत, आणि देयके तर हल्ली घरबसल्या दूरध्वनीवरूनच भरली जातात. "आप्पा, तुम्ही आता निवांत बसा," असे जो तो त्यांना सांगे. निवांत बसणे आठ दिवस गोड वाटते. नवव्या दिवसापासून मनुष्य घड्याळाकडे पाहू लागतो. आप्पांचेही तसेच झाले. ते अंगणात फेऱ्या घालीत, वर्तमानपत्र जाहिरातींसह दोनदा वाचीत, आणि दुपारी उगीचच कोणावर तरी रागावत.

त्या दिवसांत त्यांच्या न्हाणीघरातील नळ गळू लागला. थेंब अगदी लहान, सेकंदाला एक. घरातील प्रत्येक जण जाता येता त्या नळाची चावी जोर लावून आवळी. त्यामुळे थेंब घटकाभर थांबे आणि पुन्हा सुरू होई. रात्री सर्वत्र सामसूम झाली की त्याचा टप् टप् असा आवाज आप्पांच्या खोलीपर्यंत ऐकू येई. एके दिवशी त्यांनी दुधाचे एक लिटरचे माप नळाखाली ठेवले व घड्याळ लावून बसले. माप भरावयास सुमारे साडेपाच तास लागले. म्हणजे दिवसाकाठी चार लिटरांहून थोडे अधिक पाणी! तेवढ्याने काय होते, असे कोणी म्हणेल. परंतु आप्पांनी त्यास तीनशे पासष्टांनी गुणले, तेव्हा उत्तर दीड हजार लिटरांच्या पुढे गेले. हिशेब हा त्यांच्या हाडीमाशी खिळलेला विषय होता. त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर तो गुणाकार लिहिला आणि प्लंबरला बोलावणे धाडले.

प्लंबर आला, तेव्हा आप्पा पाट घेऊन त्याच्याजवळच बसले. पाहता पाहता त्यांना नळाची रचना उमगली. आट्यांच्या साध्या नळाच्या पोटात एक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला रबराची लहानशी चकती असते. तिला वायसर म्हणतात. चावी फिरवली की आट्यांवरून दांडी खाली उतरते, वायसर पाण्याच्या भोकावर घट्ट बसते आणि पाणी थांबते. वायसर झिजली किंवा तिला चीर पडली की फटीतून पाणी पाझरते. अशा वेळी लोक चावी अधिक जोराने आवळतात, आणि नेमके तेथेच चुकते. कारण त्या दाबाने आधीच झिजलेली वायसर अधिकच चिरडली जाते. म्हणजे इतके दिवस सारे घर मिळून नळ दुरुस्त करीत नव्हते, तर बिघडवीत होते! जी वस्तू बदलल्याने हे सारे थांबले, तिची किंमत ऐकून आप्पा आश्चर्यचकित झाले. चहाच्या एका पेल्याएवढीदेखील ती नव्हती.

पुढच्या खेपेस स्वयंपाकघरातील नळ गळू लागला, तेव्हा त्यांनी कोणासही बोलावले नाही. बाजारातून एक पाना, एक पक्कड, लहानमोठे दोन पेचकस आणि चार वायसरी त्यांनी आणल्या. नळाचा वरचा भाग पान्याने सोडवला मात्र, आणि पाण्याचा फवारा थेट त्यांच्या कपाळावर आला! टाकीकडून येणारा व्हॉल्व बंद करावयाचे ते विसरले होते. नातू पोट धरून हसला. आप्पा ओल्या सदऱ्यानेच गच्चीवर गेले, व्हॉल्व बंद केला, खाली आले आणि काम पुरे केले. त्या रात्री वहीत त्यांनी लिहिले, "प्रथम पाणी बंद. मग पाना." या वाक्याखाली त्यांनी तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या आहेत. वही मी स्वतः पाहिली आहे.

यानंतर दाराची करकरणारी बिजागरी, खुर्चीचा डुगडुगणारा पाय, खिडकीची निसटलेली कडी अशी कामे त्यांच्याकडे आपोआप येऊ लागली. मात्र दोन गोष्टींना ते कधीही हात लावीत नसत. वीज आली की वायरमनला बोलवावयाचे आणि गॅसच्या शेगडीचा प्रश्न आला की त्या कामाच्या जाणकारास बोलवावयाचे, हा त्यांचा नियम होता. गॅसच्या रबरी नळीवर छापलेली तारीख तेवढी ते चष्मा लावून वाचीत आणि मुदत संपण्यापूर्वी नळी बदलून घेत. काय आपणांस येते हे जसे माणसाला कळावे लागते, तसेच काय येत नाही हेही कळावे लागते. आणि हातात नवी पक्कड आली असता हे दुसरे ज्ञान टिकवून धरणे फार कठीण असते.

आप्पांच्या वहीची खरी कसोटी पुढे लागली. त्यांच्या सूनबाई दुपारनंतर घरीच शिवणकाम करीत. पायाच्या यंत्राला त्यांनी विजेची मोटार बसवून घेतली होती, आणि आळीतील बऱ्याच मुलींचे शाळेचे पोशाख त्यांच्याच हातचे असत. त्या मिळकतीतून मुलांचे शिकवणीचे पैसे भागत. त्या वर्षी उन्हाळा सरून पावसाळा लागला, तरी विजेचे देयक चढतच राहिले. एरवी महिन्याला पंचाण्णव युनिटांच्या आसपास असणारा वापर एकशे सत्तरांवर गेला. घरात बोलाबोली झाली. मुलगा म्हणाला, "दिवसभर ते यंत्र चालते, दुसरे काय होणार? शिवणाचा नफा विजेतच जातो आहे. बंद करा ते." सूनबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे काम घ्यावयाचे नाकारले आणि यंत्रावर चादर टाकली.

आप्पांना हे रुचले नाही. पण त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी देयकाचा कागद मागून घेतला आणि तो कचेरीतील प्रकरणासारखा वाचला.

मुलांनो, विजेचे देयक आपल्यांपैकी किती जणांनी नीट वाचले असेल? त्यावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे त्या काळात जळलेले युनिट. वीज वापरली नाही तरी द्यावा लागतो तो स्थिर आकार. वापरलेल्या युनिटांवर पडतो तो वीज आकार. तारांवरून वीज घरापर्यंत आणल्याबद्दल वहन आकार. आणि वर शासनाचे वीज शुल्क. आपल्या राज्यात घरगुती वापराच्या पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो आणि त्यापुढील युनिटांचा बराच चढा असतो. म्हणून शंभराची वेस ओलांडली की देयक युनिटांपेक्षाही वेगाने वाढते. आता, युनिट म्हणजे काय? एक हजार वॉट शक्तीचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्ची पडते. शंभर वॉटचे उपकरण तेवढीच वीज खावयास दहा तास घेते. नऊ वॉटचा एलईडी दिवा तर शंभर तासांहून अधिक काळ जळेल, तेव्हा कोठे एक युनिट होईल.

एवढी माहिती हाती येताच आप्पांनी चादर बाजूला सारून शिवणयंत्राच्या मोटारीवरील पट्टी वाचली. तिच्यावर १०० वॉट असे कोरलेले होते. मोटार दिवसातून चार तास चालते असे धरले, तरी दिवसाला चारशे वॉट-तास, म्हणजे महिन्याला बारा युनिट. वाढ तर पंचाहत्तर युनिटांची होती! शिवाय यंत्राला मोटार बसवून दोन वर्षे झाली होती, आणि वाढ मात्र अलीकडची होती. सूनबाईंवरील आरोप येथेच अर्धा निकालात निघाला. परंतु आप्पा जुने कारकून. निरपराध कोण हे ठरल्यावर प्रकरण बंद होत नाही, अपराधी सापडावा लागतो, असे त्यांचे म्हणणे.

रात्री दहा वाजता सर्व दिवे, पंखे बंद करवून ते विजेरी घेऊन मीटरपाशी गेले. आताच्या मीटरवर एक तांबडा ठिपका असतो. वीज जात असली की तो लुकलुकतो, आणि वीज जितकी अधिक तितका तो जलद लुकलुकतो. सारे घर अंधारात होते, तरी ठिपका लुकलुकतच होता. आप्पांनी आकडा दशांशासह लिहून घेतला. त्या रात्री पंख्याशिवाय घरातील कोणालाच नीट झोप लागली नाही, आणि डासांनी आपला कार्यभाग साधून घेतला. सकाळी सहा वाजता पुन्हा आकडा पाहिला, तो १.२ युनिटांनी वाढला होता. आठ तासांत १.२ युनिट, म्हणजे कोणते तरी १५० वॉटचे उपकरण रात्रभर क्षणाचीही विश्रांती न घेता चालत होते.

घरात रात्री चालू राहिले होते ते एकच उपकरण. शीतकपाट! शीतकपाट चांगल्या स्थितीत असेल तर आत पुरेसा गारवा झाल्यावर ते आपण होऊन थांबते आणि गारवा उतरला की पुन्हा सुरू होते. हे मात्र अखंड गुणगुणत होते, आणि सवयीमुळे ती गुणगुण कोणाच्या कानावरच पडत नव्हती. आप्पांनी वर्तमानपत्राची एक पट्टी कापली, ती दारात धरून दार लावले आणि पट्टी ओढून पाहिली. वरच्या बाजूस ती घट्ट बसली, ओढल्यास फाटेल अशी. खालच्या कोपऱ्यात मात्र ती अलगद निसटून हातात आली. दाराभोवतीची रबरी पट्टी तेथे कडक होऊन तडकली होती. त्या फटीतून बाहेरची उष्ण हवा रात्रंदिवस आत शिरत होती, आणि बिचारे शीतकपाट साऱ्या स्वयंपाकघरास गार करण्याच्या खटपटीत होते.

आप्पांनी वही मुलासमोर उघडी ठेवली. त्याने ती दोनदा वाचली. कारागीर येऊन नवी पट्टी बसवून गेला, आणि पुढच्या पुऱ्या महिन्याचे देयक एकशे चार युनिटांचे आले. मुलगा स्वभावाने अबोल. तो कोणाशी काही बोलला नाही. परंतु त्या रविवारी त्याने शिवणयंत्राच्या वर भिंतीवर एक नवा दिवा लावून घेतला. सूनबाईंनी यंत्रावरील चादर काढून घडी घातली आणि आप्पांना म्हणाल्या, "आप्पा, तुमच्या सदऱ्याची बटणे तुटली आहेत, काढून ठेवा." नात्यांतील काही देणीघेणी अशीच फिटतात, त्यांची देयके कोणी छापीत नाही.

घरात दुरुस्त करावयाचे असे काही दिवस उरले नाही, तेव्हा आप्पा पुस्तकबांधणीकडे वळले. हा त्यांचा छंद, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या उद्योगांत हाच सर्वांत रमणीय. सुट्या झालेल्या पानांच्या घड्या जुळवावयाच्या, दाभणाने भोके पाडून त्या दोऱ्याने एकमेकींस शिवावयाच्या, म्हणजे जुजबंदी करावयाची, पाठीला कापडी पट्टी चिकटवावयाची आणि पुठ्ठे घालून वजनाखाली रात्रभर दाबून ठेवावयाचे. चिकटविण्यासाठी मैद्याची खळ लागते. तिला कसर लागू नये म्हणून आप्पा तीत चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असतो, म्हणून ते भांडे निराळे, ते नातवाच्या हातास लागणार नाही अशा फळीवर ठेवलेले, आणि काम झाल्यावर हात साबणाने दोनदा धुण्याचा शिरस्ता.

"या वयात नवीन काय शिकता?" असे त्यांना कोणी विचारले, तर ते दोन नावे सांगतात. एक रवींद्रनाथ ठाकुरांचे. आपल्या हस्तलिखितातील खोडलेल्या ओळींना वळणे देता देता त्यांतून आकृती काढण्याचा रवींद्रनाथांना नाद होता. साठी उलटल्यावर ते खरोखरीचे चित्रकार झाले, आणि १९३० साली, एकोणसत्तराव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पुढे त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांवर गेली. दुसरे नाव पुण्याच्या दिनकर केळकरांचे. त्यांनी तरुणपणी सुरू केलेला छंद आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडला नाही. १९९० साली ते वारले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे होते. त्यांनी राजेरजवाड्यांचे जडजवाहीर जमविले नाही. दिवे, अडकित्ते, कुलुपे, पळ्या, भांडी अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून गोळा केल्या, आणि अल्पवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले. आप्पा एकदा ते पाहून आले. इतर लोक मस्तानी महालाच्या दालनात रेंगाळले होते, त्या वेळी आप्पा कुलुपांच्या कपाटाशी वाकून उभे होते. एका कुलपाची किल्ली आत कशी फिरत असेल याचे चित्र त्यांनी मागाहून वहीत काढले आहे. ते बरोबर आहे की नाही हे कुलूप उघडल्याशिवाय कळणार नाही, असेही तेथे प्रामाणिकपणे लिहिले आहे.

जून महिना लागला की आळीतील मुले जुनी पाठ्यपुस्तके घेऊन आप्पांच्या ओट्यावर येतात. थोरल्या भावाची पुस्तके धाकट्यास वापरावयाची असतात, आणि त्यांची पाठ उसवलेली असते. आप्पा पैसे घेत नाहीत. परंतु ज्याचे पुस्तक त्याने समोर बसून घड्या जुळवावयाच्या, अशी त्यांची अट असते. गेल्या वर्षी एका मुलीने बत्तिसावे पान तेहतिसाव्याच्या मागे शिवले. आप्पांनी दोरा उसवून पुस्तक तिच्या हाती परत दिले आणि सुईत नवा दोरा ओवून देण्यासाठी चष्मा पुसू लागले. मुलीने सुई त्यांच्या हातून घेतली व स्वतःच ओवली.