धुराचा संकेत, बीजांकुरण आणि मुंग्या

वणव्याने होरपळलेल्या जमिनीवर पहिल्या पावसानंतर असंख्य रोपे उगवतात. आगीच्या उष्णतेमुळेच बीजांची सुप्तावस्था भंग पावते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. कठीण कवचाच्या काही बियांबाबत तो खराही आहे. तथापि अनेक वनस्पतींना अंकुरणाचा संकेत धुरातून मिळतो. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील 'फिनबॉस' या झुडपी वनात डी लांगे व बाउचर या संशोधकांनी १९९० मध्ये ऑडुइनिया कॅपिटाटा या वनस्पतीच्या अभ्यासातून हे दाखवून दिले.

२००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी धुरातील एक क्रियाशील संयुग ओळखले. सेल्युलोज जळताना ते तयार होते. या गटातील संयुगांना तेथील नूंगार भाषेतील 'धूर' या अर्थाच्या शब्दावरून 'कॅरिकिन' असे नाव मिळाले. ती पाण्यात विरघळून पावसाबरोबर मातीत झिरपतात. बीजातील केएआय२ या प्रथिनामार्फत संकेत स्वीकारला जातो आणि अंकुरण रोखून धरणाऱ्या प्रथिनाचे विघटन होते. यासाठी लिटरभर पाण्यात एका मायक्रोग्रॅमहून कमी संयुगही पुरेसे ठरते.

परंतु हा संकेत पोहोचेपर्यंत बीज सुरक्षित राहिले पाहिजे. कीटकशास्त्राचा संबंध येतो तो येथेच. फिनबॉसमधील अनेक वनस्पतींच्या बियांना स्निग्ध उपांग असते. त्याच्या लोभाने स्थानिक मुंग्या बिया वारुळात नेतात, उपांग खातात आणि बी तेथेच टाकून देतात. अशा रीतीने बी उंदरांपासून आणि आगीच्या थेट झळेपासून बचावते. बाँड व स्लिंग्जबी यांनी १९८४ मध्ये नोंदविले की, परदेशातून आलेल्या अर्जेंटाइन मुंगीने स्थानिक मुंग्यांना हटविलेल्या ठिकाणी बिया पृष्ठभागावरच राहून भक्ष्य ठरल्या आणि वणव्यानंतर रोपांची उगवण फारच कमी झाली.

यावरून शेतातील पिकांचे अवशेष जाळणे हितकारक आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. संकेतासाठी अत्यल्प मात्रा पुरते. धुराचे तीव्र द्रावण उलट अंकुरणास बाधक ठरते. शिवाय जाळण्याने सेंद्रिय पदार्थ व मातीच्या वरच्या थरातील जीवसृष्टी नष्ट होते. वणव्यानंतरची हिरवळ ही एकट्या आगीची देणगी नव्हे. ती आगीपूर्वी मातीत जपल्या गेलेल्या बीजांची आणि ती जपणाऱ्या जीवांची आहे.