ज्याचा त्याचा घास

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी मांजर असेल, कोणी गच्चीवर कबुतरे पाळली असतील. बकरी ईद जवळ आली, की कितीतरी घरांच्या दारात बोकड बांधलेला दिसतो. घरातील मुले त्याचे लाड करतात. आपल्या ताटातील पोळी त्याला भरवतात. हे प्रेम चांगलेच आहे; पण आपल्याला जे आवडते ते प्रत्येक प्राण्याला मानवतेच असे नाही. प्रत्येकाचे दात वेगळे, पोट वेगळे, म्हणून खुराकही वेगळा.

प्रथम बोकडाकडे पाहू. शेळी, गाय, म्हैस ही रवंथ करणारी जनावरे आहेत. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा सर्वांत मोठा असतो. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. शेळीने खाल्लेला पाला आधी या कप्प्यात जातो. मग ती निवांत बसून तो पुन्हा तोंडात आणते व बारीक चावते. सूक्ष्म जीव तो पाला आंबवतात आणि त्यापासून शेळीला पोषण मिळते. म्हणून बाभूळ, बोर, शेवरी यांचा पाला आणि गवत हेच तिचे खरे अन्न.

आता समजा, बोकड लवकर धष्टपुष्ट व्हावा म्हणून कोणी त्याला एकाच दिवशी पाटीभर गहू, मका किंवा पोळ्या खाऊ घातल्या. काय होईल? धान्य पहिल्या कप्प्यात फार भराभर आंबते. तेथे आम्ल वाढते. उपयोगी सूक्ष्म जीव मरू लागतात. बोकड खाणे सोडतो, रवंथ थांबते, डावी कूस फुगते. वेळीच उपचार झाले नाहीत तर तो दगावतो. ज्याची सारे घर काळजी घेत होते, तो बोकड ईद येण्यापूर्वीच हातचा जातो.

म्हणून धान्य मूठभरापासून सुरू करावे व आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. विकत आणलेला बोकड आधी काय खात होता, हे विकणाऱ्याला विचारून घ्यावे. पोट फुगलेले दिसले तर धान्य बंद करून लगेच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

मांजराचे अगदी उलट आहे. ते मूळचे मांसाहारी. त्याला गोड चव कळतच नाही! मांस आणि मासे यांत टॉरिन नावाचा एक घटक असतो. मांजराचे शरीर तो स्वतः पुरेसा तयार करू शकत नाही. तो मिळाला नाही तर मांजराची दृष्टी अधू होते. हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून नुसत्या दूध-पोळीवर मांजर ठेवू नये. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, त्यांना जुलाब होतात. आपल्या रश्श्यातील तुकडेही देऊ नयेत, कारण कांदा आणि लसूण यांमुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. कुत्र्यालाही कांदा-लसूण, मनुका आणि चॉकलेट घातक असते. मांजराला मीठ-मसाला न घातलेले, शिजवलेले मासे किंवा मांस द्यावे. हाडे मात्र काढून टाकावीत.

कबुतराला दात नसतात. ते दाणे अख्खेच गिळते. पोटातील एका बळकट पिशवीत हे दाणे दळले जातात. दळण्यासाठी जाते हवे ना? कबूतर बारीक खडे टिपून तेथे साठवते. म्हणून ज्वारी, बाजरी, मका, वाटाणा अशा मिश्र धान्याबरोबर त्याला बारीक खडेही मिळायला हवेत. खारट फरसाण त्याला देऊ नये.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चावल्याने ते झिजतात. त्यामुळे गवत हे त्याचे मुख्य अन्न. गाजर गोड असते, ते थोडेसेच द्यावे. टाकीतील माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य टाकावे. उरलेले खाद्य कुजते व पाणी विषारी होते.

आणि पोपट? आपल्या देशातील पोपट पकडणे व पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला त्याची फळे झाडावरच खाऊ द्या.

मुलांनो, प्राणी काहीही असो, स्वच्छ पाणी त्याच्यापुढे सतत हवे. मुका जीव आपले दुखणे बोलून सांगू शकत नाही. त्याने खाल्ले किती, टाकले किती, हे आपणच रोज पाहायला हवे. ज्याला त्याला ज्याचा त्याचा घास देणे, हेच खरे प्रेम.

शब्दार्थ
मानवणे – रास येणे, मुआफिक होणे
रवंथ – जुगाली
धष्टपुष्ट – तगडा, मोटा-ताजा
कूस – पहलू
दगावणे – मरणे
अधू – कमजोर

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शेळीच्या पोटाला किती कप्पे असतात?
(आ) कबूतर बारीक खडे का टिपते?
२. कारणे लिहा.
(अ) बोकडाला एकदम खूप धान्य देऊ नये.
(आ) मांजराला नुसत्या दूध-पोळीवर ठेवू नये.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : गोड, दुबळे, स्वच्छ, हळूहळू.
४. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या एका प्राण्याला दिवसभरात काय काय खायला दिले जाते, ते पाहून पाच वाक्ये लिहा.