गाडीत कोणतं पेट्रोल भरायचं? ऑक्टेन, इथेनॉल आणि धंद्याचा किलोमीटरचा हिशोब



कोणी साताऱ्याचा कंदी पेढा सांगलीला पोचवतो, कोणी तासगावचा बेदाणा नाहीतर सांगलीची हळद कराड, साताऱ्याच्या दुकानांत देतो. माल वेगळा, पण एक खर्च सगळ्यांचा सारखा, तो म्हणजे पेट्रोल. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावर इनपुट क्रेडिटही मिळत नाही. जो रुपया पंपावर गेला, तो सरळ आपल्या नफ्यातून गेला.

म्हणून आजचा धडा: पंपावर ९५, १०० असे आकडे दिसतात, झाकणावर ई२० लिहिलेलं असतं. यातलं आपल्या हातात काय आहे, आणि पैसे कुठे वाचतात?

१. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग स्पार्क प्लग ठिणगी देतो. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच, उरलेलं मिश्रण नुसत्या दाबाने आणि उष्णतेने पेटलं, की खटखट आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. हा दाब पेट्रोल किती सहन करतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. बस, एवढंच!

जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ऊर्जा नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ लिहिलं असेल, तर १०० घालून ॲव्हरेज आपोआप वाढत नाही. टर्बो पेट्रोल किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे कंपनीने ९५ सांगितलं असेल तर ते पाळायचं.

खंबाटकी किंवा पसरणी घाटात भरलेली गाडी खटखट करायला लागली, तर लगेच महाग पेट्रोलकडे धावू नका. आधी बघा: गिअर वेळेवर खाली टाकता का? माल क्षमतेपेक्षा जास्त आहे का? स्पार्क प्लग कधी बदलला? हे सगळं ठीक असूनही आवाज राहिला, तर मेकॅनिकला दाखवा.

२. इथेनॉल: आपल्याच भागातलं

इथेनॉल आपल्याला परकं नाही. कराड तालुक्यातला रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, वाळवा तालुक्यातला साखराळ्याचा राजारामबापू कारखाना, यांच्या डिस्टिलऱ्या आपल्याला माहीत आहेत. उसाचा रस, मळी, आणि इतर ठिकाणी मका व तांदूळ यापासून ते बनतं.

देशात १० टक्के मिश्रणाचं लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठलं गेलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला २० टक्क्यांचं, म्हणजे ई२० पेट्रोल बाजारात आलं. आधी २०३० साठी ठेवलेलं २० टक्क्यांचं लक्ष्य २०२५ मध्येच गाठलं गेलं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय पंपावर मिळावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. म्हणजे साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, ही निवड आपल्या हातात नाही.

त्याचे दोन परिणाम लक्षात ठेवा.

पहिला, चांगला. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असतं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, की ई२० मुळे साध्या पेट्रोलचंच ऑक्टेन ९५ वर गेलं आहे.

दुसरा, खर्चाचा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं की लिटरमागे ऊर्जा ६ ते ७ टक्के घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाजही असाच आहे: ई२० साठी न बनलेल्या जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के, तशा दुचाकीचं ३ ते ४ टक्के घटू शकतं. ई१० साठी बनून ई२० साठी ट्यून केलेल्या चारचाकीत घट १ ते २ टक्केच.

३. आता वही काढा

समजा, तुमची जुनी पेट्रोल गाडी महिन्याला २,००० किलोमीटर धावते. ॲव्हरेज १६, आणि गणितासाठी पेट्रोल १०५ रुपये धरू.

- आधी: १२५ लिटर, १३,१२५ रुपये. किलोमीटरला ६ रुपये ५६ पैसे.
- ॲव्हरेज ६ टक्के घटून १५.०४ झालं: १३३ लिटर, साधारण १३,९६५ रुपये. किलोमीटरला ६ रुपये ९८ पैसे.

फरक किलोमीटरला ४२ पैसे. महिन्याला साधारण ८४०, वर्षाला १०,००० रुपये! पेढ्याचा किंवा हळदीचा भाव ठरवताना तुम्ही अजून जुनंच ॲव्हरेज धरत असाल, तर हे दहा हजार तुम्ही गिऱ्हाइकाला फुकट देताय.

४. प्रीमियम पेट्रोल परवडतं का?

सूत्र सोपं आहे. भाव जेवढे टक्के जास्त, ॲव्हरेज तेवढेच टक्के वाढलं पाहिजे, तरच बरोबरी.

साधं १०५ आणि प्रीमियम ११३ धरू. फरक ७.६ टक्के. म्हणजे १६ चं ॲव्हरेज १७.२ व्हायला हवं. १०० ऑक्टेनचं पेट्रोल १६० रुपये धरलं, तर ॲव्हरेज २४ च्या वर जायला पाहिजे. ९१ वर चालायला बनलेल्या डिलिव्हरीच्या गाडीत हे होणार नाही. तुमच्या पंपावरचा आजचा भाव घालून स्वतः गणित करा. कंपनीने पुस्तिकेत मागितलं नसेल, तर धंद्याच्या गाडीत साधंच पेट्रोल.

५. मग जुनी गाडी विकायची का?

घाई नको. वर्षाला दहा हजार वाचवायला अडीच-तीन लाखांचं नवं कर्ज काढणं हा तोट्याचा सौदा आहे. जुनी गाडी धडधाकट असेल तर चालवा, आणि थोडी रक्कम देखभालीसाठी बाजूला ठेवा. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं मंत्रालयानेच सांगितलं आहे. सर्व्हिसिंगला पेट्रोलचे पाईप, सील आणि फिल्टर तपासायला सांगा.

सेकंड हँड गाडी घेणार असाल, तर मात्र निवड तुमच्या हातात आहे. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. ई२० ला चालणाऱ्या साहित्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. टाकीच्या झाकणावरचं स्टिकर आणि पुस्तिका, दोन्ही बघूनच टोकन द्या. आधीची गाडी स्वस्तात मिळत असेल, तर वरचा दहा हजारांचा फरक आणि देखभाल धरून भाव करा.

६. पावसाळा आणि सीएनजीवाले

इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं आणि गाडी धक्के देते. महाबळेश्वर, पाटणच्या पावसात गाडी महिना-महिना उभी ठेवू नका. झाकणाचं रबर नीट बसतंय ना, तेही बघा.

सीएनजी गाडी असली तरी टाकीत पेट्रोल असतंच, आणि ते तसंच पडून जुनं होतं. टाकी भरून ठेवू नका. थोडंच ठेवा आणि अधूनमधून गाडी पेट्रोलवर चालवा. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी बंद पडू लागली, तर पावती हवीच. ती पावती वर्षअखेर हिशोबालाही लागते.

या आठवड्याचा गृहपाठ

१. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहा.
२. नेहमीच्या लाईनवर, नेहमीच्या मालासह गाडी चालवा.
३. त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा. धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे तुमचं खरं ॲव्हरेज. असं तीन वेळा करून सरासरी काढा.
४. पेट्रोलचा भाव भागिले ॲव्हरेज, हा तुमचा किलोमीटरचा पेट्रोल खर्च. तो दरपत्रकात घाला.

पंपावरचा भाव आणि मिश्रण आपण ठरवत नाही. आपला किलोमीटरचा आकडा मात्र आपल्याला माहीत असलाच पाहिजे. तो माहीत नसताना मारलेली प्रत्येक फेरी म्हणजे अंदाजपंचे धंदा. या आठवड्यात तो काढा, आणि पुढची ऑर्डर त्याच आकड्यावर घ्या.