पानं बघण्याआधी चिप्स मोज

बाबू, आखाजीला जळगावहून धुळ्याला येशील तेव्हा गच्चीवर पुन्हा पोकरची टुर्नामेंट लावू. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. मोबाइलवरचं पैशाचं पोकर 2025 च्या कायद्यानं बंद झालंय, ते बरंच झालं.

मी शिकलो ते निंबाखाली. आखाजीला सालदारांचं साल संपायचं, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गौराईची गाणी म्हणायच्या, आणि आम्ही आमरस-पोळी खाऊन तीन पत्तीला बसायचो. पॅक करायला लाजणारा दुपारपर्यंत उठलेला असायचा.

तुझी सवय मी गेल्या वर्षी पाहिली. पानं बरी दिसली की ‘बघू तरी’ म्हणत कॉल करतोस. हे ‘बघू तरी’ सोड. ऑल-इन करणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात: समोरचा पॅक करतो, नाहीतर पानं उघडल्यावर आपली वरचढ निघतात. कॉल करणाऱ्याला दुसरी वाटच तेवढी उरते. म्हणून ज्या पानांवर तू स्वतः ऑल-इन करशील, तेवढ्यावर दुसऱ्याचा ऑल-इन कॉल करू नकोस. त्याला जास्त भारी पानं लागतात.

समज, स्मॉल ब्लाइंड 500, बिग ब्लाइंड 1,000, वर अँटी 1,000. कुणी हात हलवण्याआधीच मधे 2,500 पडलेत. तुझ्याकडे 10,000 असतील तर तेवढे उचललेस तरी चिप्स सव्वापट होतात; नुसता बसून राहिलास तर चार फेऱ्यांत संपलास. दहा ब्लाइंडच्या आत आलास की ऑल-इन किंवा पॅक, मधलं काही नाही. 2,500 लावून मग पॅक करणं म्हणजे पाव पुंजी सोडून देणं. आणि जागा बघ. सगळ्यांनी पॅक केलंय, मागे फक्त दोन ब्लाइंडवाले उरलेत, तर राजा-नऊवरही सरकव. पहिलाच बोलणारा असशील तर तेच राजा-नऊ टाक, मागे आठ जण बसलेत.

आता कॉल. स्मॉल ब्लाइंडवाल्यानं 10,000 सरकवले, तू बिग ब्लाइंडवर. मधे 12,000 झाले, तुला 9,000 घालायचे. एकवीसमधले नऊ, म्हणजे शंभरात 43 वेळा तरी जिंकायला हवं. मग पानांकडे नाही, माणसाकडे बघ. तासभर पॅक करत बसलेल्यानं सरकवलं तर एक्का-सात टाकून दे; त्याच्याकडे एक्का-राजा निघाला तर तू चारात एकदाच जिंकशील. दर दुसऱ्या डावाला सरकवणाऱ्याला मात्र याच एक्का-सातवर धर.

साक्री रोडला एका मित्राकडे आम्ही चौघं उरलो होतो. बक्षिसाला आंब्याच्या तीन सारख्या पेट्या. एकाकडे दोन ब्लाइंडपुरत्या चिप्स, तो आता जाणारच होता. सगळ्यात मोठा ढीग होता त्यानं ऑल-इन केलं आणि मी सत्त्यांच्या जोडीवर कॉल केला. त्याची एक्का-राणी. शेवटच्या पानाला राणी पडली. सगळे म्हणाले नशीब फुटकं, पण माझी जोडी टिकली असती तरी कॉल चूकच होता. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून पेट्या दोन मिळत नव्हत्या. गेल्या असत्या तर हातची एक जात होती, आणि गेलीच.

अशा वेळी आधी बघ, आपल्याहून कमी चिप्स कुणाकडे आहेत. तो जाईपर्यंत राजांची जोडी आली तरी टाकून दे.