'रेंज नाही' एवढं लिहून भागत नाही

मोबाइलच्या तक्रार अर्जात 'आमच्या गावात रेंज नाही' एवढंच लिहिलेलं असलं, की तो अर्ज निकाली निघाल्यातच जमा. आमच्या येलदरी गावात हे घडलेलं आहे. गावकऱ्यांच्या सह्यांनिशी रीतसर अर्ज गेला. कंपनीचा माणूस आलाही. भर दुपारी चौकात उभं राहून त्याने मोबाइल वर धरला, सगळ्या काड्या भरलेल्या दाखवल्या, फोटो काढला आणि गेला. पुढे मेसेज आला, आपल्या भागातील नेटवर्क सुरळीत आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे. तो माणूस खोटं बोलला नव्हता. त्या वेळी, त्या जागी नेटवर्क होतं. आमचा त्रासही खराच होता. पण मोजमाप त्यांच्याकडे होतं आणि आमच्याकडे नुसता वैताग, म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला.

मी इथे सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, दाखले, निराधारांच्या योजनांची कागदपत्रं, सगळं आता ओटीपीवर येऊन थांबलंय. संध्याकाळी केंद्रात या, म्हणजे दिसेल. मावशी समोर बसलेली असते. संगणकावर नंबर टाकला की ओटीपी निघाल्याची सूचना येते. मावशी मोबाइल दोन्ही हातांत धरून बघत बसते. मेसेज नाही. मग ती उठून बाहेर कट्ट्यावर जाते, हात उंच करते. आत स्क्रीनवर उलटी मोजणी चालू असते. मुदत संपते, आणि त्यानंतर मोबाइल वाजतो. "आला की दादा, घ्या," म्हणत ती आनंदाने आत येते. तो आकडा आता कामाचा नसतो, हे तिला कसं सांगायचं? पुन्हा पाठवायचा, पुन्हा तेच. जास्त वेळा झालं की ते संकेतस्थळ खातंच काही वेळासाठी बंद करून टाकतं. "माझे पैशे अडकतेत का काय आता?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. तिची रोजंदारी बुडालेली असते, आणि जाणं-येणं पुन्हा करायचं असतं.

त्या बंद झालेल्या तक्रारीनंतर दिवाळीला माझा मामेभाऊ आला. तो पुण्यात नेटवर्क तपासणीच्या कामावर होता. गाडीत मोबाइल बसवून रस्त्यारस्त्याने फिरायचं आणि कुठे फोन लागतो, कुठे तुटतो ते नोंदवायचं. त्याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. अर्ज वाचून तो म्हणाला, "यात काय तुटलंय तेच तुम्ही सांगितलेलं नाही. फोन लागत नव्हता, का लागून कट होत होता, का लागलेला राहून आवाज जात होता? कंपनीच्या लेखी ही तीन वेगळी दुखणी आहेत."

आणि त्याने जिनिव्हाची गोष्ट सांगितली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही तिथली संस्था 1865 सालची, तारायंत्राच्या काळातली. तिच्या मानकांच्या शाखेत बारा क्रमांकाचा एक अभ्यास गट आहे, त्याचं कामच सेवेचा दर्जा आणि ती वापरणाऱ्याचा अनुभव हे आहे. त्या संघाच्या 'ई.804' या शिफारशीत मोबाइल सेवेचे पाच टप्पे पाडले आहेत. नेटवर्क आहे का? मोबाइलला त्यात शिरता येतं का? हवी ती सेवा, म्हणजे फोन, मेसेज किंवा इंटरनेट, सुरू होते का? चालू असताना ती नीट चालते का? आणि आपण थांबवेपर्यंत टिकते का? आमच्या चौकात त्या माणसाने फक्त पहिला टप्पा तपासला होता. काड्या त्याच्यापुढचं काही सांगतच नाहीत.

येलदरीला तर हे दुप्पट लागू पडतं. पूर्णा नदीवर धरण झालं आणि एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला अथांग पाणी अशी आमची जागा झाली. पाण्यावरून रेडिओ लहरी अडथळ्याशिवाय लांबवर जातात, पाण्यावर आपटून परतही येतात. त्यामुळे काठावरचा मोबाइल जवळचा टॉवर सोडून कधी कधी पलीकडचा, हिंगोलीच्या बाजूचा लांबचा टॉवर धरतो. टॉवरचा आवाज मोबाइलला नीट ऐकू येतो, म्हणून काड्या भरतात. पण मोबाइलची स्वतःची ताकद फोर-जीत साधारण पाव वॅटच्याही आत. त्याचं बोलणं त्या लांबच्या टॉवरपर्यंत धड पोचत नाही. मग समोरच्याचं आपल्याला ऐकू येतं आणि आपलं त्याला नाही. आमच्याकडे लोक म्हणतात, "रेंज फुल हाय, पण आवाजच जाईना." हे वाक्य जसंच्या तसं तक्रारीत लिहा. त्यात दोष कुठे आहे त्याची दिशा आहे, 'रेंज नाही'मध्ये ती नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला भावानेच दाखवलं. फोन मध्येच मुका होतो. आपण चार वेळा हॅलो हॅलो करतो, मग वैतागून लाल बटण दाबतो आणि पुन्हा लावतो. आपल्या लेखी तो तुटलेला फोन. नेटवर्कच्या लेखी मात्र ग्राहकाने स्वतः बोलणं संपवलं, म्हणजे फोन व्यवस्थित पार पडला! तुटलेल्या फोनांच्या हिशेबात तो येतच नाही. संपर्क तुटल्यावर किती सेकंद वाट बघून फोन तुटला असं धरायचं, याचीही नेटवर्कमध्ये एक मर्यादा बसवलेली असते. ती लांबवली की तुटलेल्या फोनांचा आकडा खाली येतो आणि मुक्या फोनांचा त्रास वाढतो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनेही या मुद्द्याकडे लक्ष वेधलेलं आहे.

याच फरकासाठी मानकं बनवणाऱ्यांनी सेवेचा दर्जा चार बाजूंनी बघायला सांगितलं आहे. ग्राहकाला काय हवंय, कंपनी काय देऊ म्हणते, प्रत्यक्षात काय दिलं, आणि ग्राहकाला काय जाणवलं. चौथी बाजू मोजता येत नाही असं समजू नका. त्याच संघाच्या 'पी.800' या शिफारशीत माणसांना बसवून, आवाज ऐकवून, 5 ते 1 असे गुण द्यायला लावण्याची पद्धत घालून दिली आहे. 5 म्हणजे उत्तम, 1 म्हणजे वाईट. सगळ्यांच्या गुणांची सरासरी हा त्या आवाजाचा दर्जा. पुढे हेच काम यंत्राने करायच्या पद्धती आल्या, पण त्याही माणसांनी दिलेल्या गुणांशी ताडूनच पक्क्या केल्या गेल्या. उशिराचंही तसंच. 'जी.114' सांगते की बोललेलं पलीकडे 150 मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर बहुतेकांना संभाषणात काही खटकत नाही, आणि 400च्या पुढे जाऊ नये. फोनवर दोघं एकदम बोलायला लागतात, एकदम थांबतात, पुन्हा एकदम बोलतात, तेव्हा बहुतेक वेळा ही वेळ वाढलेली असते. ट्रायचं 'मायकॉल' नावाचं ॲप 2017 साली आलं, त्यात फोन संपल्यावर तारे देता येतात. मुका झालेला फोन असेल तर न कंटाळता एकच तारा द्या. नेटवर्कने व्यवस्थित धरलेल्या फोनाबद्दल तुमचं म्हणणं नोंदवायची ती जागा आहे.

दुसरा घोळ सरासरीचा आहे. पीक विम्यात मंडळाच्या पर्जन्यमापकात पाऊस पडला की आपलं शिवार कोरडं असलं तरी कागदावर पाऊस झालेला असतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मोबाइलमध्ये ते मंडळ फारच मोठं आहे. मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सेवा क्षेत्र. पूर्वी तुटलेल्या फोनांचं प्रमाण सबंध क्षेत्राचं मिळून 2 टक्क्यांच्या आत असलं की झालं. त्यात पुण्याचे हजारो टॉवर येलदरीचा एक टॉवर सहज झाकून टाकत. 1 ऑक्टोबर 2017पासून ट्रायने ही पद्धत बदलली. किमान 90 टक्के दिवशी किमान 90 टक्के सेलमध्ये, म्हणजे टॉवरवरच्या एकेका अँटेनाच्या टापूत, हे प्रमाण 2 टक्क्यांच्या आत हवं, असं ठरलं. सुधारणा मोठी होती, हे मान्य केलंच पाहिजे. तरी उरलेल्या सेलमध्ये आपलं गाव असू शकतं, आणि ते त्यात आहे हे आपण दाखवल्याशिवाय कोणी शोधत येणार नाही.

 1 ऑक्टोबर 2024पासून ट्रायचे नवे दर्जा नियम लागू झाले. गावकऱ्याच्या हातात त्यातून आलेली चांगली गोष्ट म्हणजे नकाशा. टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी कुठे मिळतं ते प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर नकाशात दाखवायचं आहे. आपलं गाव त्यात काढा. रंग भरलेला असेल आणि तिथे उभं राहून सेवा मिळत नसेल, तर त्या नकाशाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. कंपनी काय देऊ म्हणते त्याचा तो पुरावा आहे.

आम्ही नंतर वही घातली. साधी दोनशे पानी, केंद्रातच टेबलावर ठेवलेली. ज्याला अडचण आली त्याने तारीख, वेळ, जागा, कोणत्या कंपनीचं सिम, टू-जी का फोर-जी, आणि नेमकं काय झालं ते लिहायचं. जागा म्हणजे 'गावात' नाही. 'शाळेच्या फाटकाशी', 'धरणाच्या कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये, घरात', 'धरणाच्या भिंतीखाली' असं. घरात आणि अंगणात फरक पडतो, तोही लिहायचा. वेळ तर फार महत्त्वाची. आमच्या वहीची काही पानं भरली आणि दिसलं की बहुतेक नोंदी संध्याकाळी सात ते दहाच्या आहेत. म्हणजे टॉवर होता, पण सगळे एकदम मोबाइल घेऊन बसले की तो पुरत नव्हता. दुपारी येणाऱ्या माणसाला हे कधीच दिसलं नसतं. लाइट कधी गेली आणि त्यानंतर किती वेळाने नेटवर्क गेलं, हाही एक रकाना ठेवा. टॉवरची बॅटरी किती वेळ दम धरते ते त्यातून कळतं.

काड्यांऐवजी आकडा लिहा. बऱ्याच मोबाइलमध्ये सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात दिसतो. तो उणे असतो. फोर-जीला उणे 90च्या आसपास असेल तर ठीक, उणे 110च्या पलीकडे गेला की अवघड. आकडा चांगला आणि सेवा वाईट, असं असेल तर मुद्दाम ठळक लिहा. दोष सिग्नल पोचण्यात नाही, तो गर्दीत, लहरींच्या गोंधळात किंवा परतीच्या वाटेत आहे, हे त्यावरून समजतं.

तक्रार 198 या नंबरवर करायची आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. प्रत्येकाने आपापल्या सिमवरून वेगळी तक्रार करावी. सामुदायिक अर्ज द्यायचा तर द्या, पण तो डॉकेटांच्या यादीसह. सेवा बंद पडल्याच्या तक्रारीला तीन दिवसांची मुदत आहे. समाधान झालं नाही तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, आणि निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. बहुतेक लोक पहिल्या पायरीवरच थांबतात, म्हणून हे आवर्जून सांगतो. ट्रायकडे एकेकट्याची तक्रार नेऊन उपयोग नाही, ते काम त्यांच्याकडे नाही. मात्र ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालणार नाहीत असं पूर्वी ऐकवलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 रोजी तो प्रश्न निकाली काढला. परभणीच्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि तिथे वही, डॉकेट आणि नकाशा हाच दस्तऐवज.

भरपाईबद्दल खोटी आशा धरू नका. फोन तुटला की एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने 2015 साली केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने मे 2016मध्ये रद्द केला. तरी अजून लोक मला विचारतात, रुपया कधी जमा होतो म्हणून. नव्या नियमांत चोवीस तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर बिलात सूट किंवा वैधता वाढवून देण्याची तरतूद आहे, पण ती जिल्हा पातळीवरच्या बंदसाठी. एका गावचा टॉवर बसला तर ती लागू होईल असं धरून चालू नका.

हे सगळं ओटीपीपुरतं असतं तर मी इतकं तळमळीने लिहिलं नसतं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडायची वेळ येते. नदीकाठी कोणाची मोटार असते, कोणाची जनावरं बांधलेली असतात. तो एक फोन लागून, ऐकू जाऊन, निरोप पुरा होईपर्यंत टिकायला हवा. पाचही टप्पे त्या एका मिनिटात पार पडायला हवेत. म्हणून आम्ही वहीत नदीकाठच्या जागा वेगळ्या पानावर घेतल्या आणि दुसऱ्या अर्जात त्या सगळ्यात वर लिहिल्या.

दुसऱ्या अर्जानंतर माणूस संध्याकाळी आला. आम्ही दाखवलेल्या जागांवर त्याने मोबाइल लावून तपासलं, नोंदी मागून घेतल्या. पुढे टॉवरवरच्या अँटेनाचा कल बदलला असं कळलं, आणि कॅम्पाच्या बाजूला आवाज जायला लागला. संध्याकाळची गर्दी मात्र तशीच आहे, ओटीपी अजूनही उशिरा येतात. त्यासाठी वेगळी तक्रार केली आहे, आणि तिची मुदत टळल्यामुळे अपील तयार आहे. त्याच्यासोबत मेसेज निघाल्याची वेळ आणि मोबाइलवर पोचल्याची वेळ असे दोन रकाने जोडतो आहोत. तुमच्या गावात हाच त्रास असेल, तर सुरुवात या दोन रकान्यांपासून करा. स्क्रीनवर ओटीपी निघाल्याची वेळ दिसते, मेसेजवर पोचल्याची असते. दोन्हींचे फोटो काढायला अर्धं मिनिटही लागत नाही.