दोन जिवांचे औषध



गडचिरोली जिल्ह्यातील गावांत आणि टोल्यांवर मी परिचारिका म्हणून काम करते. "सिस्टर, पोटात बाळ आहे, मग गोळी घेऊ की नको?" हा प्रश्न माडिया आणि गोंड भगिनी मला जितक्या वेळा विचारतात, तितक्याच वेळा शहरातून भेटीला येणाऱ्या मंडळीतील भगिनीही विचारतात. म्हणून या अंकातील आरोग्य-पाठासाठी हाच विषय घेतला आहे. आपल्यापैकी बरेच जण दवाखान्यासाठी औषधांचे डबे पाठवतात. त्या डब्यांशीही या पाठाचा संबंध आहे.

या बाबतीत लोक दोन टोकांना जातात. काही जणी दुकानातून मिळेल ती गोळी घेतात. काही जणी भीतीपोटी डॉक्टरांनी दिलेली आवश्यक गोळीसुद्धा चुलीत टाकतात. दोन्हींत आईचे आणि बाळाचे नुकसान होते.

भीती कोठून आली?

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध विक्रीस आले. झोपेसाठी आणि गरोदरपणातील मळमळीसाठी ते अनेक देशांत निर्धोक म्हणून दिले गेले. पुढे हातपाय खुंटलेली बाळे जन्मू लागली. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत औषध मागे घेतले गेले, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालकांना त्याची बाधा झाली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी स्त्रीने पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी रोखून धरली आणि तेथील असंख्य बाळे वाचली.

वार हे आई आणि बाळ यांच्यामधले पक्के कुंपण आहे असे पूर्वी मानले जात असे. ते तसे नाही. बहुतेक औषधे कमी-अधिक प्रमाणात वारेतून बाळापर्यंत जातात. गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळाचे हृदय, मेंदू, हातपाय घडत असतात. याच काळात पुष्कळ स्त्रियांना आपण दोन जिवांच्या आहोत हे ठाऊकही नसते. म्हणून कोणत्याही तरुण स्त्रीला गोळी देण्याआधी आम्ही "मागची पाळी कधी आली?" असे विचारतो. हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेतही गरोदर स्त्रियांना गोळ्या देत नाहीत. तेथेही हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

महिन्यागणिक बदलणारे उत्तर

एखादे औषध चांगले की वाईट, एवढे विचारून भागत नाही. कितव्या महिन्यात, किती दिवस आणि कशासाठी, हेही विचारावे लागते. काही उदाहरणे पाहा.

ताप किंवा अंगदुखीसाठी गरोदरपणात पहिली निवड पॅरासिटामॉलची असते. तीही सांगितलेल्या प्रमाणात आणि गरजेपुरतीच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळाव्यात. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक आवश्यक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. बाजारातील कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक मिसळलेले असते. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत.

डॉक्सिसायक्लीन व टेट्रासायक्लीन यांनी बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात आणि हाडांच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. जंताची अल्बेंडाझोलची गोळी पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. त्यानंतर एकदा देतात. फिटांसाठीच्या व्हॅलप्रोएटने बाळात व्यंग निर्माण होण्याचा धोका बराच असतो. तरीही ते एकाएकी बंद केले तर मोठी फिट येऊन आई आणि बाळ दोघेही दगावू शकतात. अशा भगिनीने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून औषध बदलून घ्यावे.

झाडपाल्याचे औषध नेहमी निर्धोकच असते, हाही गैरसमज आहे. कोणी काय दिले ते आम्ही रागावल्याशिवाय विचारतो. रागावलो तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही. मिश्री आणि मोहाची दारू यांना कोणी औषध म्हणत नाही, पण त्यांतला तंबाखू आणि मद्यार्क वारेतून बाळाकडे जातातच. तंबाखूने बाळाचे वजन घटते.

औषध न घेण्याचा धोका

आमच्या भागात हिवताप आहे. गरोदरपणात हिवतापाचे जंतू वारेत साठतात, आईचे रक्त कमी होते, गर्भपात होतो किंवा बाळ कमी वजनाचे जन्मते. म्हणून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासलेच पाहिजे. व्हायव्हॅक्स हिवतापासाठी क्लोरोक्विन गरोदरपणात देता येते. प्रायमाक्विन मात्र देत नाहीत. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी हे विकर कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी त्या औषधाने फुटतात, आणि पोटातल्या बाळात ते विकर आहे की नाही हे गोळी देण्याआधी कळत नाही. फाल्सिपेरम हिवतापात कोणते औषध द्यायचे हे महिना पाहून डॉक्टर ठरवतात. घरात उरलेली कोणाची तरी हिवतापाची पाकिटे गरोदर बाईला देऊ नयेत, ती यासाठीच.

लोह व फॉलिक अ‍ॅसिड यांची गोळीही अशीच आवश्यक आहे. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अ‍ॅसिड, चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असा शासकीय कार्यक्रम आहे. शौचास काळे होते म्हणून पुष्कळ जणी ती सोडतात. काळा रंग लोहाचा असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. सिकलसेल आजार असलेल्या भगिनीने मात्र लोहाविषयी डॉक्टरांना विचारावे. सिकलसेलसाठी घेतले जाणारे हायड्रॉक्सियुरिया गरोदरपणात सहसा थांबवतात; म्हणून मूल हवे असेल तर आधीच सांगावे.

अंगावरचे दूध

एका टोल्यावर क्षयरोगाचे औषध घेणाऱ्या बाळंतिणीचे बाळ सासूबाईंनी दूर केले होते. पाणी घातलेले बकरीचे दूध बाटलीने चालू होते आणि बाळाला जुलाब लागले होते. मी म्हटले, "मावशी, हा आजार दुधातून जात नाही, खोकल्यातून जातो. आईने तोंडाला पदर बांधावा, पण बाळाला अंगावर घ्यावे."

क्षयाची आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही नेहमीची चार औषधे गरोदरपणात आणि स्तनपानातही चालू ठेवतात. त्यांच्याबरोबर ब-६ जीवनसत्त्व देतात. जुने स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन मात्र गर्भाच्या कानांना अपाय करते, म्हणून ते टाळतात. औषधाचा जो अंश दुधात उतरतो तो इतका थोडा असतो की त्याने बाळाला अपाय होत नाही, आणि त्याचे क्षयापासून रक्षणही होत नाही. म्हणून अशा बाळाची तपासणी करून त्याला वेगळे प्रतिबंधक औषध देतात. मावशींनी ऐकून घेतले, दोन दिवस विचार केला आणि बाळ आईकडे दिले. दूध आटत आले होते. वारंवार पाजल्यावर ते पुन्हा आले.

बहुतेक औषधांचे असेच आहे. आईने घेतलेल्या मात्रेचा अगदी लहान भाग दुधात येतो. गरोदरपणाच्या शेवटी नको असलेली आयबुप्रोफेन दूध पाजणाऱ्या आईला चालते. अपवादही आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध घेऊ नये. काही स्त्रियांच्या शरीरात त्याचे झपाट्याने मॉर्फिन होते आणि बाळाचा श्वास मंदावतो. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या आणि महिन्या-दोन महिन्यांच्या बाळांबाबत अधिक जपावे, कारण त्यांच्या यकृताला व मूत्रपिंडांना औषध बाहेर टाकणे अजून जमत नसते. पाळणा लांबवण्यासाठी 'माला-एन' गोळ्या पहिल्या सहा महिन्यांत दूध पाजणाऱ्या आईने घेऊ नयेत. 'छाया' गोळी तिला चालते. दोन्ही शासकीय दवाखान्यात मोफत मिळतात.

आपल्या डब्यांविषयी

जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाविषयीची सूत्रे सांगतात की एकदा रुग्णाला दिलेली औषधे परत घेऊन दान करू नयेत आणि औषधाची निदान एक वर्षाची मुदत उरलेली असावी. आपल्या डब्यांत बहुधा घरी उरलेल्या, कापलेल्या पट्ट्या असतात. पट्टीचे नाव कापले गेले की गोळी ओळखता येत नाही, आणि न ओळखलेली गोळी दोन जिवांच्या बाईला कशी द्यावी? आपले प्रेम आम्हाला कळते, म्हणूनच स्पष्ट लिहिते : डब्याऐवजी तीच रक्कम पाठवावी, म्हणजे आम्ही यादीप्रमाणे ताजी औषधे घेऊ. गरोदर व बाळंतिणींच्या यादीत लोह, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम आणि पॅरासिटामॉल ही सर्वांत आधी येतात.

आणि आपल्या घरी कोणी गरोदर असेल, तर घरातील सर्व औषधे, मुळ्या-चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून पहिल्याच तपासणीला न्यावीत. डॉक्टरांना पाच मिनिटे लागतात. चालू असलेले औषध त्यांना विचारल्याशिवाय सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

महिला मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या घरातील दुखण्यावरच्या गोळीत कोणकोणती औषधे आहेत? पाकीट आणून मोठ्याने वाचा.

२. गरोदरपणात औषध घेण्याचा आणि न घेण्याचा, असे दोन्ही धोके हिवतापाच्या उदाहरणावरून एकमेकींना समजावून सांगा.

३. आजारी आईचे बाळ तिच्यापासून तोडण्याची रीत आपल्या ओळखीत कोठे आहे? त्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीशी कोण आणि कसे बोलेल?